पिकअपमध्ये किती भरायचं?

"गाडी एवढी दणकट, मग पोती कमी का नेता?" असं काहीजण विचारतात.

उत्तर आरसी बुकात आहे. भरलेल्या गाडीचं मंजूर वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच तिला झेपतं. माणसंही त्यातच धरायची. फोर-बाय-फोरची यंत्रणा आणि मागची सीट यांचं वजन त्यातूनच जातं. पाण्याचं 200 लिटरचं पिंप चढवलं, की 50 किलोची चार पोती उतरवावी लागतात. जादा पाटे घातले तरी मंजूर वजन वाढत नाही, रिकामी गाडी तेवढी उडते!

सातपुड्याच्या घाटात मला धास्ती असते ती फाळक्याजवळ रचलेल्या ओझ्याची. पुढची चाकं हलकी पडतात, चढावर स्टिअरिंग नीट लागत नाही. म्हणून धान्य खाली, केबिनला टेकवून, गोधड्या वर. दोन खेपांना डिझेल जास्त जातं, ते मी हिशेबात धरतो.