नळाची तोटी गळते तेव्हा पान्हा कोणी धरायचा?

घर बांधताना आपण सिमेंट, विटा, सळया यांचा हिशेब पैशापैशाने ठेवतो. रमाई आवास योजनेतले घरकुल असो की कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्या असोत, हप्ता येईल तशा भिंती उभ्या राहतात, छत पडते आणि नळफिटिंग बहुधा सर्वांत शेवटी उरते. तोवर हातातला पैसा संपलेला असतो. मग मिळेल तो पाइप, मिळेल ती तोटी आणि भेटेल तो मिस्त्री, असे ते काम उरकले जाते. पुढे दहा-पंधरा वर्षे त्या घाईची किंमत घरातल्या माणसांना मोजावी लागते. भिंतीला ओल येते, न्हाणी तुंबते, पाण्याला वास येतो आणि पावसाळ्यात लेकरांना हगवण लागते.

म्हणून प्रत्येक घरमालकाने, आणि घर सांभाळणाऱ्या प्रत्येक भगिनीने, दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. कोणते काम आपल्या हाताने करायचे आणि कोणत्या कामाला जाणकार माणूस बोलवायचा. या दोहोंची गल्लत झाली की पैसा जातो, आणि काही वेळा जीवही जातो.

माथ्यावरचा जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा पाण्याच्या बाबतीत माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेला पूर्णा-तापीकडे जाते. पैनगंगा, अडाण, अरुणावतीचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. पडलेले पाणी दोन्हीकडे वाहून जाते आणि उन्हाळ्यात आपण हंडे घेऊन उभे राहतो. वाशीम शहराला एकबुर्जी धरणाचा आधार आहे. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार, हे धरणात उरलेल्या साठ्यावर ठरते.

अशा ठिकाणी गळती ही लहान गोष्ट नव्हे. ती मोजून पाहा. गळणाऱ्या तोटीखाली एक लिटरचा लोटा ठेवा आणि घड्याळ पाहा. तो तासाभरात भरला, तर दिवसाला २४ लिटर आणि महिन्याला ७२० लिटर पाणी वाया जाते. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर हे ४८ हंडे झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतात. म्हणजे एका तोटीची गळती घराचे अडीच दिवसांहून अधिक पाणी खाऊन टाकते. ते ४८ हंडे कोणाच्या डोक्यावरून आले असते, याचाही विचार घरातल्या पुरुषांनी करावा.

जे काम घरीच व्हावे

सर्वांत आधी घराचा मेन कॉक कुठे आहे, हे घरातल्या दहा वर्षांवरील प्रत्येकाला दाखवून ठेवा. पाइप फुटला की अर्धे नुकसान धावपळीत होते. कॉक महिन्यातून एकदा बंद करून पुन्हा उघडावा, नाहीतर क्षार बसून तो जाम होतो. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक जड असते, त्यामुळे हे लवकर घडते.

दुसरे काम तोटीचा वायसर बदलण्याचे. चहाच्या किमतीत वायसर येतो. मेन कॉक बंद करा, तोटी उघडून उरलेले पाणी जाऊ द्या आणि खाली जाळीवर फडके टाका, म्हणजे सुटा भाग नालीत जाणार नाही. पान्ह्याच्या दातांना कापड गुंडाळून तोटीचे डोके उलट दिशेने फिरवून काढा. आत दट्ट्या असतो आणि त्याच्या तळाशी रबरी वायसर असतो. जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणा. तोटीच्या आतली बसण्याची जागा बोटाने चाचपून पाहा. ती खडबडीत झाली असेल, तर नवा वायसरही आठ दिवसांत कापला जाईल. मग तोटीच बदलावी. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या धर्तीच्या तोट्यांत वायसर नसतो. तिथे आतला भाग सबंध बदलतात.

आट्याचा जोड गळत असेल, तर जुनी टेप खरवडून काढा आणि टेफ्लॉन टेप आट्याच्याच दिशेने ओढून पाच-सहा वेढे द्या. पूर्वी धागा आणि सफेदा लावीत. सफेद्यात शिसे असू शकते, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाइनला टेपच बरी.

टाकी भरून वाहते, तेव्हा बहुधा आतला तरंगता गोळा अडकलेला असतो किंवा त्याचा वायसर झिजलेला असतो. गोळा हलवून, क्षार काढून पाहावा. टाकी दर तीन महिन्यांनी रिकामी करून घासावी, झाकण घट्ट असावे आणि वाहून जाण्याच्या नळीला बारीक जाळी बांधावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. रांजण, हौद आणि टाक्या आठवड्यातून एक दिवस कोरड्या ठेवण्याचा सल्ला आरोग्य खाते देते, तो याच कारणाने.

न्हाणी तुंबली, तर आधी जाळी काढून केस, साबणाचे तुकडे, भाताची शिते हाताने काढा. मग रबरी पंपाने दाब द्या. इथे एक इशारा. न्हाणीत ॲसिड ओतायची सवय अनेक घरांत आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या लहान न्हाणीत तो फुप्फुसे जाळतो. ही दोन्ही एका दिवशी, एका जागी कधीही वापरू नयेत.

गळका जोड घाण आत ओढतो

गळक्या जोडातून पाणी फक्त बाहेर जाते, अशी आपली समजूत असते. नळाला चोवीस तास पाणी असते, तेव्हा ती खरी असते. आपल्याकडे नळ तासभर येतो आणि जातो. पाणी थांबले की पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते, आणि नालीतून गेलेल्या पाइपाचा जोड गळका असेल तर नालीचे पाणी आत शिरते. दुसऱ्या वेळी पाणी सोडले की पहिले हंडे गढूळ आणि वासाचे येतात. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो याच वाटेने घरात येतात.

नळाला थेट टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. आपल्या घरात पाणी जास्त येते, शेजाऱ्याचे कमी होते आणि वाटेतली सगळी घाण आपल्याच हौदात येते. मोटार लावायचीच असेल, तर नळाचे पाणी आधी हौदात पडू द्यावे आणि हौदातून वर चढवावे.

तेव्हा उपाय असा. नळजोडणीचा पाइप नालीतून जात असेल, तर तो बाजूने किंवा नालीच्या वरून नेऊन घ्यावा. पहिल्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या सांडपाणी म्हणून वापराव्यात. गल्लीतली मुख्य लाइन फुटली असेल, तर ती आपण खोदू नये; नगर परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीत आपल्या वस्तीचा माणूस, आणि शक्यतो बाई, हजर असलीच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे दाखवण्यासाठी. तो हक्क आज आपल्या नळापर्यंत आला असेल, तर ते पाणी शुद्ध राखणे आणि शुद्ध मागणे हे आपले काम आहे.

जाणकार कधी बोलवावा

पुढील गोष्टी दिसल्या तर घरी खटपट करू नये. भिंतीला किंवा छताला ओल आहे, पण गळती कुठे आहे ते कळत नाही. सगळ्या तोट्या बंद असूनही मीटर फिरते किंवा टाकी रात्रीतून उतरते. संडास आणि न्हाणी दोन्ही एकदम तुंबतात. म्हणजे बिघाड बाहेरच्या मुख्य पाइपात आहे. गिझर बसवायचा आहे. त्याच्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये चूक झाली तर टाकी फुटते. मोटारीला हात लावला की झिणझिण्या येतात. इथे प्लंबर नाही, वायरमन हवा, आणि तो येईपर्यंत मुख्य बटण बंद हवे. तसेच नवा संडास, नवी लाइन आणि जमिनीखालचे कोणतेही काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

जमिनीखालचे काम आपल्या भागात विशेष अवघड आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यात तसाच गाडलेला पाइप वर्ष-दोन वर्षांत जोडाला सुटतो. पाइपाच्या खाली, वर आणि बाजूने वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा थर दिला पाहिजे. संडासाच्या चार इंची पाइपाला दहा फुटांमागे तीन इंच उतार असावा. मिस्त्री उतार न मोजता काम करीत असेल, तर तिथेच थांबवावे.

काम देताना काही नियम पाळावेत. मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहून घ्यावे. सामान स्वतः बिलासह घ्यावे आणि आयएसआय खूण पाहावी. थंड पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपावर आयएस ४९८५, गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपावर आयएस १५७७८ आणि प्लॅस्टिकच्या टाकीवर आयएस १२७०१ हा क्रमांक असतो. गरम पाण्याला यूपीव्हीसी चालत नाही, ते मऊ पडते. प्लास्टर करण्याआधी लाइनची सर्व तोंडे बंद करून पाणी भरावे आणि रात्रभर ठेवून जोड पाहावेत. भिंतीतल्या पाइपांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना तोच उपयोगी पडतो. शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्यावा. मात्र काम नीट झाले की कारागिराचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. आपण स्वतः कष्टकरी आहोत. मजुरी थकली की काय होते, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. सेप्टिक टँक भरला की "एखादा माणूस पाहा, उतरून काढेल" असे आजही बोलले जाते. हे काम घरमालकाचे नाही, प्लंबरचे नाही आणि कोणत्याही माणसाचे नाही. टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतो, प्राणवायू जवळजवळ नसतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे धोका कळत नाही. एक पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि मग तिसरा. एकाच टँकमध्ये एकाच घरची माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. पैशाने माणूस परत येत नाही, परंतु वारसांनी हा हक्क सोडू नये.

टँक दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या गाडीनेच रिकामा करावा. त्यासाठी नगर परिषदेत चौकशी करावी. झाकण उघडल्यावर जवळ बिडी किंवा काडी पेटवू नये. कोणी आत पडलाच, तर मागे उतरू नये. सगळी झाकणे उघडावीत आणि १०८ व अग्निशमन दलाला बोलवावे.

खेड्यात नवा संडास बांधत असाल, तर दोन खड्ड्यांचा बांधा. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला की त्यातल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. विहीर किंवा हापसा खड्ड्यापासून निदान पन्नास फूट दूर असावा. खडकाला भेगा असतील तर आणखी दूर.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण उचलण्याची सक्ती भोगली, त्या समाजातल्या घरमालकाने आपल्या टँकमध्ये दुसऱ्या गरिबाला उतरवावे, हे शोभणारे नाही.

हातात कला, घरात शिस्त

प्लंबर हा आयटीआयमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर घरी बसलेल्या आपल्या मुलामुलींनी त्याची चौकशी करावी. गावोगावी नळ पोहोचत आहेत आणि प्रत्येक नळ कधी ना कधी गळणारच. मुलींनी हा धंदा करू नये, असे कोठेही लिहिलेले नाही; दुपारी घरात एकट्या असलेल्या बायांना तर बाई प्लंबरच सोयीची.

तोवर प्रत्येक वस्तीत महिला मंडळाने वर्गणी काढून एक सामायिक पेटी ठेवावी. त्यात एक पाइप पान्हा, एक फिरता पान्हा, स्क्रू पिळणे, टेफ्लॉन टेप, तीन-चार मापांचे वायसर आणि रबरी पंप असला की पुरे. पेटी कोणाकडे आहे आणि कोणी नेली, याची वही ठेवावी. रविवारी मंडळी जमतील, तेव्हा जाणत्याने एक तोटी उघडून सर्वांसमोर वायसर बदलून दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिले की हात धजतात. येत्या रविवारपासूनच सुरुवात करावी.