कोसा कसा तयार होतो

परिसर अभ्यास शिकविताना ‘रेशमाचा किडा लाळेचे घर बांधतो’ एवढे सांगून आपण पुढे जातो. आपल्या भागातील मुलांना हे अपुरे आहे. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील ऐन-अर्जुनाच्या रानांत ढीवर समाजाची अनेक कुटुंबे टसराचा कोसा घेतात. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे विणकर त्याचे कापड विणतात. त्या घरची मुले या विषयात गुरुजींहून जाणती असतात.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, हा किडा कृमी नसून पतंगाची अळी होय. (गांडूळही कोश करते, पण तो अंड्यांचा, अंगावरील पट्ट्यातून निघणारा. त्यात धागा नसतो.) चार वेळा कात टाकलेली अळी पूर्ण वाढली म्हणजे खाणे थांबविते. तिच्या अंगातील दोन लांब ग्रंथींमधील द्रव खालच्या ओठाजवळील छिद्रातून बाहेर येतो. दोन तंतू व त्यांना सांधणारा डिंकासारखा पदार्थ मिळून एक धागा होतो.

हा द्रव हवा लागताच घट्ट होतो, असे मी स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते चूक होते. केवळ वाळल्याने बळकट रेशीम होत नाही. अळी धाग्याचे टोक चिकटविते व डोके डोलवीत तो ओढते. त्या ताणाने द्रवातील प्रथिने एका दिशेस जुळतात व धागा बनतो.

टसराच्या अळीची एक विशेष युक्ती आहे. ती प्रथम डहाळीभोवती रेशमाचे कडे करते व त्यास देठ जोडून कोसा टांगते. त्यामुळे पान गळाले तरी कोसा झाडावरच राहतो. तुतीवरील किड्याच्या कोशास असा देठ नसतो.

अखंड धागा हवा असल्यास आतील जीव मारून कोसा सोड्याच्या पाण्यात उकळतात. मुलांनी विचारल्यास हे लपवू नये. बेण्यासाठी राखलेल्या कोशांतून मात्र पतंग बाहेर येऊ देतात. असा एक कोसा मिळवून वर्गात जाळीच्या पेटीत टांगावा. पतंग बहुधा रात्री निघतो. त्यास तोंड असूनही खाता येत नाही, म्हणून पाने घालू नयेत, रानात सोडावा. रिकामा कोसा जपून ठेवून देठाकडील भोक मुलांना भिंगातून दाखवावे. पतंगाने पाझरलेल्या रसाने डिंक सैल होऊन तेथील धागे बहुतांशी तुटलेले नव्हे, बाजूस सारलेले दिसतील.