ना वकील, ना वाली

सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी नोंद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'अज्ञान पालनकर्ता' म्हणजे कोण हे समजावून सांगावे लागत नाही. आणि म्हणूनच, अमेरिकेतील न्यायालये आईबापांपासून दूर ठेवलेल्या मुलांसाठी सामान्य नागरिकांतून जो स्वयंसेवक नेमतात, तोही असाच कोणी अ.पा.क. असावा, अशी समजूत आपल्याकडे सहज होते. ती बरोबर नाही. अ.पा.क.च्या हाती मिळकतीचा कारभार असतो, त्याची सही चालते. या स्वयंसेवकाच्या सहीने मुलाचा शाळेचा दाखलासुद्धा सहसा हलत नाही. त्याच्याकडे ना मुलाचा ताबा, ना मुखत्यारी, ना वकीलपत्र. तो पाहतो, विचारपूस करतो, आणि जे आढळले ते न्यायाधीशांना लेखी कळवतो; एवढाच त्याचा अधिकार.

हा अधिकार निर्माण का करावा लागला, हे त्याच्या उगमाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहरी, किंग परगण्याच्या बाल न्यायालयात, डेव्हिड सूकप हे न्यायाधीश होते. मूल घरी परत पाठवावे की परक्या घरी ठेवावे, याचा निकाल आपण रोज देतो, परंतु समोरच्या मिसलीत त्या मुलाविषयी पुरेशी माहितीच नसते, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत असे. अशा मुलांच्या वतीने बोलण्यास नागरिक तयार होतील काय, याची चाचपणी करण्यासाठी त्यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी एक बैठक ठेवली. येणाऱ्यांनी आपापला डबा आणायचा होता. चार-पाच माणसे येतील अशी त्यांची अटकळ होती, आली पन्नास. 1977 साली सुरू झालेल्या या प्रयोगाच्या पहिल्याच वर्षी 110 प्रशिक्षित स्वयंसेवकांनी 376 प्रकरणांतील 498 मुलांचे काम पाहिले. पुढे ही पद्धत राज्याराज्यांत पसरली, 1982 मध्ये तिची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि 'न्यायालयनियुक्त विशेष कैवारी' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या स्वयंसेवकांना 'कासा' म्हणू लागले. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'घर' असा होतो. नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत हेच काम दुसऱ्या नावाने चालते.

न्यायालयात मुलाच्या बाजूने बोलतो तो वकीलच असला पाहिजे, हा समज भारतातच आहे असे नाही. तो अमेरिकेतही आहे. 1974 च्या बालछळ प्रतिबंधक कायद्याने असे ठरविले की, केंद्राचे अनुदान हवे असेल तर न्यायालयात गेलेल्या बालछळाच्या प्रत्येक प्रकरणात राज्यांनी मुलासाठी प्रतिनिधी नेमावा. आणि 1996 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले की हा प्रतिनिधी वकील असेल, प्रशिक्षित स्वयंसेवक असेल, किंवा दोघेही असतील. परंतु दोघांच्या कामात मूलभूत अंतर आहे. नऊ वर्षांचे मूल 'मला आईकडेच जायचे आहे' असे म्हणाले, तर मुलाच्या इच्छेची बाजू मांडणे ज्याचे कर्तव्य ठरले आहे त्या वकिलाने तेच मांडले पाहिजे. स्वयंसेवक मात्र ती इच्छा न्यायाधीशांना जशीच्या तशी सांगून, मुलाचे हित आपल्याला कशात दिसते हे स्वतंत्रपणे नोंदवतो, आणि ते मुलाच्या इच्छेच्या अगदी विरुद्धही असू शकते. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. वय सामान्यतः 21 पूर्ण, पूर्वचारित्र्याची तपासणी, निदान 30 तासांचे प्रशिक्षण आणि न्यायाधीशांसमोर शपथ, एवढे झाले की नेमणूक होते. एका वेळी एक किंवा दोन प्रकरणे, आणि महिन्याकाठी मुलाची किमान एक भेट, असा शिरस्ता आहे. सरकारी समाजसेविकेच्या टेबलावर मिसलींचा ढीग असतो. स्वयंसेवकाच्या हाती एक-दोनच मिसली असतात. त्याची सारी मातबरी या एकाच गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

'क्रूर आईबापांच्या तावडीतून मुलाला सोडवणारा दयाळू गृहस्थ' हे चित्र तर सर्वांत अधिक रूढ आहे आणि सर्वांत अधिक दिशाभूल करणारेही आहे. घरातून हलविलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कागदांवर कारण लिहिलेले असते ते हेळसांडीचे, मारहाणीचे नव्हे. आणि हेळसांड व दारिद्र्य यांची सरमिसळ किती सहज होते, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. शिवाय परक्या कुटुंबातील संगोपन म्हणजे दत्तकविधान नव्हे. ती तात्पुरती व्यवस्था आहे, आणि बहुतेक प्रकरणांत तिचे पहिले उद्दिष्ट मूल स्वगृही परतावे हेच असते. मात्र 1997 च्या कायद्याने या व्यवस्थेला घड्याळ लावले: बारा महिन्यांच्या आत मुलाच्या कायम ठिकाणाविषयी सुनावणी व्हावी, आणि मागील 22 महिन्यांपैकी 15 महिने मूल बाहेर राहिले, तर काही अपवाद वगळता, आईबापांचे हक्क संपुष्टात आणण्याचा अर्ज राज्याने दाखल करावा.

या घड्याळापुढे एक मंगळवार काय करू शकतो, ते पाहण्यासाठी एक प्रकरण कल्पूया. पाच वर्षांची मुलगी आहे, तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून तिला या घरातून त्या घरात पोहोचविलेले आहे (ही पिशवी मात्र कल्पित नाही, अशा मुलांचे सामान तिथे वर्षानुवर्षे अशाच पिशव्यांतून फिरत आले आहे). आईला दर मंगळवारी चार वाजता सरकारी कचेरीत भेटीची मुभा आहे. मिसलीत नोंद आहे: 'आई तीन वेळा गैरहजर.' वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे! स्वयंसेविका आईला भेटते तेव्हा कळते की ती एका धुलाईखान्यात कामाला आहे, पाळी साडेचारला सुटते, आणि तिथून कचेरीपर्यंत दोन बस बदलाव्या लागतात. स्वयंसेविका एका मंगळवारी तोच प्रवास स्वतः करून पाहते. तिला पोहोचायला पाच वाजून वीस मिनिटे होतात. तिच्या अहवालात मग विशेषणे नसतात, आईच्या मायेचे वर्णन नसते. बसच्या वेळा असतात, आणि खाली एक शिफारस: भेट साडेपाचला ठेवावी. हेच निरीक्षण आईच्या विरुद्धही जाऊ शकले असते. आई साडेचारला सुटून भलतीकडेच जाते, असे आढळते, तर स्वयंसेविकेने तेही तितक्याच कोरडेपणाने लिहायचे असते.

हा अहवाल म्हणजे न्यायाधीशांच्या कानात सांगितलेले गुपित, असेही काहींना वाटते. वस्तुतः त्याच्या प्रती पक्षकारांच्या वकिलांना मिळतात, आणि आईचा वकील स्वयंसेविकेची उलटतपासणी घेऊ शकतो. गोपनीयता आहे ती बाहेरच्या जगापुरती: शेजारणीला, मैत्रिणीला, कधी कधी नवऱ्यालाही, मुलाचे नाव कळता कामा नये.

आता या कामाच्या गुणगानाविषयी. स्वयंसेवक नेमला की मुलाचे भलेच होते, असा जो सूर प्रचारपत्रकांतून निघतो, त्याला अभ्यासांचा निःसंदिग्ध आधार नाही. टेक्सास राज्यातील एका अभ्यासात असे स्वयंसेवक लाभलेल्या मुलांना कायमचे घर मिळण्याचे प्रमाण उलट कमीच आढळले. अवघड प्रकरणेच त्यांच्याकडे अधिक जातात, हे त्याचे एक कारण दिले जाते. तरी प्रश्न उरतोच. स्वयंसेवक बहुतांशी सुस्थित गोऱ्या स्त्रिया, आणि घरातून हलविलेल्या मुलांत कृष्णवर्णीय व आदिवासी मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने अधिक. तेव्हा 'हित' कोणाच्या नजरेने मोजले जाते, अशी टीका होते, आणि ती मला रास्त वाटते. 1978 चा 'इंडियन' बालकल्याण कायदा आदिवासी मुले घरांतून हलविली जाण्याच्या याच अनुभवातून आला. नावावरून आपल्या लोकांनी गल्लत करू नये: तो अनिवासी भारतीयांसाठी नसून तेथील मूलनिवासी जमातींच्या मुलांसाठी आहे, आणि 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य ठरविला.

आपल्याकडे असे काही आहे काय? 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 44 अन्वये प्रतिपालनाची, म्हणजे परक्या कुटुंबातील संगोपनाची, तरतूद आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या आहेत, महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालील प्रकरणांत समिती मुलासाठी 'सहायक व्यक्ती' देऊ शकते. परंतु ही व्यक्ती मुलाला कोर्टाची वाट समजावून देते, सोबत करते. मुलाचे हित कशात आहे याचा स्वतंत्र अहवाल देणे हे तिचे काम नव्हे. दोहोंत साम्य आहे ते सोबतीपुरते.

राहता राहिला तो जन्मभराच्या नात्याचा समज. महिनोन्‌महिने भेटलेल्या मुलाच्या शाळेतल्या बाईंची नावे, दातांच्या डॉक्टरांच्या तारखा हे सारे स्वयंसेवकाला तोंडपाठ झालेले असते. परंतु मूल आईकडे गेले किंवा दत्तक गेले, आणि न्यायाधीशांनी प्रकरण निकाली काढल्याचा हुकूम दिला, की नेमणूक त्याच क्षणी संपते. पुढे भेटावे की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवायचे. टिपणांची वही आणि बाकीचे कागद बहुतेक ठिकाणी कचेरीत जमा करावे लागतात. त्या वहीत मंगळवारच्या त्या बसचे वेळापत्रकही असते.