पाटलिपुत्राचा आरोग्यविहार

पाटणा शहरांतील कुम्हरार हें स्थळ मौर्यकालीन स्तंभमंडपासाठीं प्रसिद्ध आहे. त्याच उद्यानांत पुरातत्त्व खात्यानें जतन केलेल्या विटांच्या बसक्या भिंतींपाशीं मात्र फारसें कोणी थांबत नाहीं. वस्तुतः त्या एका गुप्तकालीन विहाराच्या, आणि तोही रुग्णांसाठीं बांधलेल्या, भिंती होत.

कोल्हापूरकडचे इतिहासपंडित डॉ. अनंत सदाशिव आळतेकर ह्यांच्या देखरेखीखालीं येथें १९५१ ते १९५५ ह्या काळांत उत्खनन झालें. पण नुसत्या भिंतींवरून इमारतीचें प्रयोजन कसें ओळखावें? तें सांगितलें मातीच्या एका मुद्रेनें. तीवर ‘श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य’, म्हणजे आरोग्यविहारांतील भिक्षुसंघाची, अशीं अक्षरें आहेत. एका खापरावर धन्वंतरीचें नांवही आढळलें.

भिक्षूंवांचून इतरांची शुश्रूषा येथें होई कीं काय, हें मुद्रा सांगत नाहीं. मात्र पांचव्या शतकाच्या आरंभीं ह्याच नगरींत राहिलेला चिनी यात्रेकरू फाहियान तेथील धर्मार्थ औषधालयांचें वर्णन करतो. मिशनची इस्पितळें पाहिलेल्या आपल्या वाचकांस तें ओळखीचें वाटेल. वैश्य कुळांनीं चालविलेल्या त्या औषधालयांत दरिद्री, अनाथ, पंगु व रोगी येत. वैद्य त्यांस तपासीत. अन्न व औषध मिळे. आणि बरें वाटलें म्हणजे ते आपण होऊन निघून जात.