मान घ्यावा, पण मनाला विचारून

सत्काराला उभ्या राहिलेल्या माणसाची मोठी पंचाईत होते. नको म्हणावे तर देणाऱ्याचे मन दुखावते. घ्यावा तर 'आपण एवढे काय केले?' असे वाटते. चिनी भाषेत या अवस्थेसाठी चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे : 'शौ चि यौ क्वेइ'. अर्थ असा की, 'स्वीकारताना मनाला लाज वाटते.' मान, भेट किंवा स्तुती मिळाली की नम्रपणे असे म्हणतात. त्याच्या जोडीला पुष्कळदा आणखी चार अक्षरे येतात. त्यांचा अर्थ, 'नाकारणे हा अनादर.' या चार अक्षरांचे मूळ इ. स. पूर्व चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्शियस यांच्या ग्रंथात आहे. देऊ केलेली भेट नाकारणे हा अनादर का मानतात, असे त्यांचा शिष्य वान चांग त्यांना विचारतो.

वाचकहो, यातील 'क्वेइ' म्हणजे लाज. हे अक्षर लिहिताना डाव्या बाजूला हृदयाची खूण काढतात. हा वाक्प्रचार काही बौद्ध वचन नव्हे. पण बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्या भाषांतरकारांनी 'हिरी' आणि 'ओत्तप्प' या जोडीसाठी 'त्सान' आणि 'क्वेइ' हे शब्द योजले. हिरी म्हणजे वाईट करण्याची मनाला वाटणारी लाज, ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामाचे भय. भगवान बुद्धांनी या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धम्म म्हटले आहे.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. जन्मावरून दुसऱ्याने आपल्यावर लादलेली लाज वेगळी. ती झुगारूनच द्यायची असते. 'क्वेइ' म्हणणारा माणूस स्वतःला हीन म्हणत नाही. आपण केलेले काम आणि मिळालेला मान यांचा तो हिशोब मांडतो आणि बाकी आपल्या नावे टाकतो. ती बाकी पुढच्या कामाने फेडायची असते.

अर्थात, चीनमध्येही हे शब्द कित्येकदा नुसत्या शिष्टाचारापुरते उच्चारले जातात. याउलट 'तांग चि वू क्वेइ', म्हणजे 'या मानाला निःसंशय पात्र', असाही वाक्प्रचार तेथे आहे. पण तो सहसा दुसऱ्याविषयी वापरतात, स्वतःविषयी नाही.

आपली पात्रता लोकांनी सांगावी आणि आपली बाकी आपण ओळखावी. उद्या आपल्या गळ्यात हार पडला, तर मान खाली घालू नये. ताठ मानेने तो घ्यावा आणि घरी आल्यावर मनाला एवढेच विचारावे : बाकी किती राहिली?