वृद्धाश्रमातला समन्वयक नेमकं काय करतो?

तिरोडीच्या मँगनीज खाणीत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आता थकली आहेत, त्यांना आधार लागतो. म्हणून समन्वयकाचं हे काम समजून घेऊया. 🙏

🔸 मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर, रात्री कोण उठून बसतं, कुणाच्या लेकीला फोन करायचा, हे सगळं समन्वयक बघतो.

🔸 पाळी बदलताना वहीत लिहायचं आणि तोंडीही सांगायचं. चूक बहुधा इथेच होते.

🔸 २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे.

📞 अडचण असल्यास ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७, मोफत. नंबर आजच सेव्ह करा, शेजारच्या आजोबांनाही लिहून द्या.