शेवटच्या गाडीआधी पाच फेऱ्या

नोव्हेंबर 2025 मध्ये गोव्यात बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक झाला. 206 खेळाडू, बाद पद्धत. वरचे 50 मानांकित थेट दुसऱ्या फेरीत गेले, उरलेल्या 156 जणांच्या 78 लढती झाल्या आणि पहिली फेरी संपली तेव्हा 78 जणांनी बॅगा भरल्या. त्यात त्याच वर्षी जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकलेली नागपूरची दिव्या देशमुख होती. विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाद झाला. बाद पद्धतीचा हिशेब सरळ असतो: 206 मधून एक उरायचा तर 205 जणांना हरावेच लागते. शेवटी उरला उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह.

गोव्यातून अनमोड घाट चढून वर आले की उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका लागतो. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे 52 हजार होती आणि क्षेत्रफळ 1,900 चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला 27 माणसे. जिल्ह्याची सरासरी 140, कर्नाटकाची 319. अशा तालुक्यात बुद्धिबळाचा क्लब चालवायचा तर काय काय जमवावे लागेल, त्याचा हा हिशेब आहे. स्पर्धेची जी पद्धत गोव्यात शोभली, ती इथे एका रविवारात क्लब बुडवेल.

हजारी एक माणूस बुद्धिबळ खेळतो असे नुसते धरून चालू. तालुक्यात 52 खेळाडू झाले, म्हणजे साधारण 36 चौरस किलोमीटरमागे एक, आणि मध्ये काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. त्यातले 32 जण एका रविवारी आले तर तो मोठाच रविवार. बाद पद्धतीत या 32 जणांचे 31 डाव होतील आणि पहिल्या तासातच 16 जण मोकळे. कॅसलरॉकहून किंवा डिग्गीहून निघालेले पोर एक डाव हरून दिवसभर इतरांचे डाव बघत बसेल, कारण परतीची गाडी दुपारनंतर. ते पुढच्या वेळी येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

साखळी पद्धत सर्वांत न्याय्य, पण 32 जणांच्या साखळीला 496 डाव आणि 31 फेऱ्या लागतात. ती आठ जणांपुरती ठीक.

उरते स्विस पद्धत. झुरिकमध्ये 1895 साली ती पहिल्यांदा वापरली गेली आणि आज गावोगावच्या खुल्या स्पर्धा तिच्यावरच चालतात. कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. 32 खेळाडू, पाच फेऱ्या, 80 डाव. बरोबरी बाजूला ठेवली तर शेवटचा गुणतक्ता जवळपास आधीच सांगता येतो: पाच गुण एकाला, चार गुण पाच जणांना, तीन गुण दहांना, दोन गुण दहांना, एक गुण पाच जणांना आणि शून्य फक्त एकाला. बत्तिसातले एकतीस जण किमान एक डाव जिंकून घरी जातात. लहान क्लबसाठी मला यापेक्षा महत्त्वाचा आकडा दिसत नाही.

पण पाच फेऱ्या एका दिवसात बसतात का? 25 मिनिटे आणि प्रत्येक चालीला 10 सेकंद अशी वेळ ठेवली, तर 60 चालींच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला 35 मिनिटे येतात, डाव 70 मिनिटांचा होतो, निकाल नोंदवून जोड्या लावायला दहा मिनिटे धरली की फेरी 80 मिनिटांची. पाच फेऱ्यांना सहा तास चाळीस मिनिटे, जेवण वेगळे. साडेदहाला सुरू केले तर जेवणाच्या अर्ध्या तासासकट वाजतात पावणेसहा. 10 मिनिटे आणि 5 सेकंदांवर आलो तर डाव अर्ध्या तासात उरकतो, फेरी 40 मिनिटांची होते आणि सगळे अडीचच्या आत आटोपते, जेवणासकट. फिडेच्या व्याख्येत हाही ‘रॅपिड’च, कारण 60 चाली धरून वेळ दहा मिनिटांच्या वर जाते. हौशी क्लबात वेळेवरून वाद होतात. जुने खेळाडू म्हणतात की दहा मिनिटांत काय डोंबल विचार करायचा. त्यांचे म्हणणे खरे आहे. तरी रात्री जंगलातल्या रस्त्याने दुचाकी हाकण्यापेक्षा घाईत वजीर गमावलेला बरा.

जोड्या लावायला संगणक नसला तरी अडत नाही. पोस्टकार्डाएवढे एकेक कार्ड घ्यावे. वर नाव, खाली फेरीनुसार प्रतिस्पर्धी, रंग आणि एकूण गुण. फेरी संपली की कार्डांच्या गुणांप्रमाणे चळती लावायच्या. प्रत्येक चळतीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागासमोर मांडायचा, आधी भेटलेली जोडी असेल तर एक कार्ड सरकवायचे, रंग आलटून पालटून येतो ना ते बघायचे. वीस जण असतील तर पहिल्या फेरीत 1 विरुद्ध 11, 2 विरुद्ध 12, असे दहा पट. सराव झालेला पंच चहा निवायच्या आत हे करतो. अडचण येते ती 21 वा आला की. विषम संख्येत दर फेरीत एकाला ‘पुढे चाल’ मिळते. पाच फेऱ्यांत पाच जणांना फुकटचा गुण, आणि एकदा मिळालेल्याला पुन्हा देता येत नाही. त्यापेक्षा क्लबातल्याच एकाने खेळाडू म्हणून उभे राहावे, बक्षिसावर हक्क न ठेवता. हे काम ज्याच्याकडे येते तोच क्लबचा खरा कार्यकर्ता. त्याला कुणी चषक देत नाही.

सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुढाकारातून वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी खेळाडूंनी तिथे पहिले डाव मांडले. पण सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचीच लोकसंख्या 2011 मध्ये पाच लाखांवर होती, जोयड्याच्या जवळपास दहापट. तिथे दरवर्षी नवे चेहरे मिळतात. जोयड्यात तेच वीस जण एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटणार, तेव्हा तालुक्यातल्याच रामनगरला स्पर्धा भरवून लोंढा-खानापूरकडच्यांना ओढले तर थोडा वारा खेळेल. रामनगर बेळगाव-गोवा रस्त्यावर आहे, हे क्लबच्या पथ्यावर पडते.

तेच वीस जण भेटतात तेव्हा निकालही तेच लागतात. खेळाडूची ताकद मोजणाऱ्या एलो पद्धतीच्या गणितात 200 गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला शंभर डावांत सुमारे 76 गुण मिळतात. फरक 400 झाला की सुमारे 91. म्हणजे महिनाभर शनिवारी खेळून नवशिक्याच्या हाती एखादा डाव लागला तर लागला. त्यामुळे स्पर्धेखेरीजची संध्याकाळ, वेगळ्या नियमांची, ही मला चैन वाटत नाही. दोन स्पर्धांच्या मधल्या काळात खालची अर्धी मंडळी टिकतात ती तिच्यामुळे.

वेळेची सूट हा सर्वांत सोपा उपाय. दोघांना पाच-पाच मिनिटे देण्याऐवजी वरचढाला दोन आणि कच्च्याला आठ. बेरीज दहाच राहते, वेळापत्रक हलत नाही.

दुसरा उपाय बॉबी फिशरने 1996 मध्ये ब्यूनोस आयरिसला जाहीर केला: मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची. दोन उंट वेगळ्या रंगांच्या घरांत हवेत, म्हणून 4 गुणिले 4. वजिराला उरलेल्या सहांतले कुठलेही घर. घोड्यांना पाचांतली दोन घरे, म्हणजे 10 प्रकार. उरलेल्या तीन घरांत राजा दोन हत्तींच्या मध्ये, एकच प्रकार. 16 गुणिले 6 गुणिले 10 म्हणजे 960 मांडण्या. ज्याने ओपनिंगची पुस्तके पाठ केली त्याची पाठांतराची कमाई पहिल्याच चालीला शून्य होते. ताकद मात्र शून्य होत नाही, हेही सांगायला हवे: या प्रकाराच्या 2019 च्या पहिल्या अधिकृत जगज्जेतेपदाच्या अंतिम लढतीत वेस्ली सो याने कार्लसनला हरवले, म्हणजे जिंकणारा जगातल्या पहिल्या फळीतलाच होता. नवशिक्याला इथे फायदा थोडाच, पण हरताना निदान ‘पुस्तकाने मारले’ असे वाटत नाही.

आणि आपला देशी डाव आहेच. प्यादे एकेकच घर पुढे, राजाला शह मिळण्याआधी एकदा घोड्याची उडी, प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीचे मोहरे. आठ पट्ट्यांपैकी वजीर मिळतो तो फक्त राजा-वजिराच्या दोन पट्ट्यांत, त्यामुळे शेवटच्या खेळीचे सारे गणित बदलते. समोरच्याचा एकटा राजा उरला की डाव ‘बुर्जी’, पूर्ण विजयाचा मान नाही. म्हणून मात करण्याआधी समोरच्याचे एखादे प्यादे मुद्दाम राखावे लागते. या संध्याकाळी साठीतल्या आजोबांना भाव येतो, कारण बारा वर्षांच्या मुलाला हे नियम कुठल्याच ॲपने शिकवलेले नसतात. पंजाबचा मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढला, युरोपीय पद्धत मागाहून शिकला आणि 1929, 1932 व 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला.

गोंगाट हवा असेल तर चौघांचा डाव: दोन पट, दोन जोड्या, मारलेले मोहरे जोडीदाराच्या हातात द्यायचे आणि त्याने ते आपल्या पटावर रिकाम्या घरात उतरवायचे. वीस जणांची पाच टेबले होतात. जादा आलेल्यांनी हरणाऱ्या जोडीची वाट बघायची, ती पाच मिनिटांत उठतेच.